प्लग नवे, तरी मिसिंग? वायरी बघा

प्लग बदलूनही पावसाळी हवेत तुमची जुनी कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० मिसिंग करते, म्हणजे इंजिन मधेच ठोका चुकवतं म्हणताय, तर मला प्लगला वीज नेणाऱ्या वायरींचाच संशय येतो. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा. वायरीवर निळसर ठिणग्या नाचताना दिसल्या की शंकाच नको. हात लांब ठेवा, झटका सणसणीत बसतो!

बदलताना तिन्ही एकदम उपटू नका, एक काढा, एक बसवा. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-२ आहे, अदलाबदल झाली तर गाडी धड चालायची नाही. ओढायची ती रबरी टोपी धरून.

प्लग परत काढलेच तर इंजिन गार असताना. प्लग ज्यात बसतात ते इंजिनचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं, आटे गेले की खर्च वायरींच्या कितीतरी पट. बसवताना आधी हातानेच फिरवा, पाना नंतर. प्लगांना वीज वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या कॅपला आतून तडा आहे का, तेही बघा.