हायकूत ५-७-५ पाळलेच पाहिजे का?

धागालेखक:
तीन ओळी लिहिल्या की हायकू झाला, ही समजूत मला मान्य नाही. जपानी पद्याची सारी घडण पाच आणि सात ध्वनींच्या मापांवर उभी आहे. आठव्या शतकातील ‘मान्योशू’ या काव्यसंग्रहातील तांका ही छोटी कविता ५-७-५-७-७ अशी एकतीस ध्वनींची असते, आणि चोका ही दीर्घ रचना पाच-सातची आवर्तने घेत शेवटी ७-७ वर थांबते. पुढे रेंगा या साखळीकाव्याचा ५-७-५ हा आरंभ स्वतंत्र झाला. त्याला हायकू हे नाव रूढ केले ते कवी मासाओका शिकी (१८६७–१९०२) यांनी. हे माप सोडले तर उरते ती नुसती त्रोटक कविता.

मात्रागण:
मोजायचे काय, ते आधी ठरवावे. जपानीत ‘तोक्यो’चे चार ध्वनी भरतात, कारण दोन्ही ओकार दीर्घ आहेत, ‘निप्पोन’चेही नि-प्-पो-न् असे चारच, म्हणजे अर्ध्या प् लाही पूर्ण वाटा मिळतो. हा हिशेब आपल्या ओवी-अभंगातील अक्षरगणनेपेक्षा मात्रावृत्ताच्या जवळचा आहे. सतरा मराठी अक्षरे जुळवून नियम पाळल्याचे समाधान म्हणूनच फसवे ठरते.

उंबरठा:
शिवाय सतराव्या शतकातील थोर हायकूकार खुद्द बाशोनेही हे माप मोडले आहे. वाळक्या फांदीवरील कावळ्याच्या त्याच्या प्रसिद्ध हायकूतील मधली ओळ पाहा: का-रा-सु-नो-तो-मा-रि-के-रि. सातच्या जागी नऊ! विसाव्या शतकात कवी ओझाकी होसाई यांनी तर ‘सेकि ओ शिते मो हितोरि’ (खोकलो, तरीही एकटाच) एवढ्या नऊ ध्वनींतच अख्खा हायकू लिहिला.

धागालेखक:
बाशोचे जादा दोन ध्वनी जाणवतात, ते कानाला सातची सवय असते म्हणूनच. होसाईंची वाट तर जपानमध्येही सर्वमान्य नव्हती. हायकूकार ताकाहामा क्योशी यांनी ५-७-५ आणि ऋतुसूचक शब्द यांचा आग्रह अखेरपर्यंत सोडला नाही.

मात्रागण:
तुम्हीच ऋतूचा उल्लेख केलात, हे बरे झाले. माणसांच्या वागण्यावर बोट ठेवणारे सेन्ऱ्यूही ५-७-५ मध्येच असते. पण त्याला ऋतुसूचक शब्द लागत नाही आणि कविता मध्येच तोडणारा किरेजीही लागत नाही. बाशोच्या तळ्यावरील हायकूच्या ‘फुरुइके या’ (जुने तळे) या पहिल्या ओळीतील ‘या’ हा असाच किरेजी; तो त्या ओळीच्या पाचांतला एक ध्वनी असूनही जुने तळे क्षणभर एकटे उभे करतो आणि बेडकाची उडी त्यानंतर येते. मराठीत हायकू रुजवणाऱ्या शिरीष पै यांनी अक्षरे मोजण्याचा हट्ट धरला नाही, ते मला योग्यच वाटते. मात्र किरेजीने पडते तशी फट न ठेवता सलग विधानाचे तीन तुकडे करणाऱ्यांना माझा तुमच्याइतकाच विरोध आहे.