५.९ लिटर कमिन्स इंजिनच्या जुन्या गाडीनंतर नवा डिझेल पिकअप: राम २५०० की जास्त भार पेलणारा ३५००?

प्रश्न: टेक्सस. सध्या २००६ चा राम २५००. नवा फिफ्थ-व्हील कॅम्पर (पुढचं टोक पिकअपच्या हौद्यात टेकणारा ट्रेलर) १४,००० पौंड जीव्हीडब्ल्यूआरचा (सामानासकट कमाल मान्य वजन). नवा डिझेल २५०० पुरेल का?

उत्तर १: ओढेल आरामात, पण पाठीवर पेलणार नाही. फिफ्थ-व्हीलचा १५ ते २५ टक्के भार पिनवर, म्हणजे हौद्यात टेकणाऱ्या खुंट्यावर येतो. २० टक्के धरले तरी २,८०० पौंड, वर हिच (जोडणीचा सांगाडा), माणसं, सामान. डिझेल २५०० ची भारक्षमता बहुधा २,००० पौंडांच्या आसपास असते, कारण इंजिन जड आणि जीव्हीडब्ल्यूआर १०,००० वर अडवलेलं. जाहिरातीतला टोइंगचा आकडा विसरा, ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचा स्टिकर वाचा. ३५०० च घ्या.

उत्तर २: सहमत, पण लायसन्स बघा. ३५०० चं जीव्हीडब्ल्यूआर १२,३०० असेल तर कॅम्पर धरून २६,३०० होतं. टेक्ससमध्ये बेरीज २६,००० च्या वर आणि ट्रेलर १०,००० च्या वर असेल, तर खासगी वापरालाही क्लास ए (बिगर-व्यावसायिक) लागतं.

उत्तर ३: जुन्या गाडीत डीपीएफ (धुरातली काजळी पकडणारा फिल्टर) नव्हता, नव्यात आहे. गाडी तासन्‌तास उभ्या जागी चालू ठेवली किंवा नुसत्या दोन-चार मैलांच्या फेऱ्या मारल्या की एक्झॉस्ट पुरेसा तापत नाही, काजळी जळत नाही आणि फिल्टर तुंबतो. अधूनमधून हायवेवर सलग अर्धा तास न्या. डीईएफ (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं द्रव) चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर स्टार्टर मारूच नका. पंप आणि इंजेक्टर दोन्ही जातात. उतारावर एक्झॉस्ट ब्रेक (एक्झॉस्ट अडवून गाडीचा वेग आवरणारा) आधीच लावा.

प्रश्नकर्ता: स्टिकरवर १,९४० पौंड आहे. २५०० रद्द.