मदत हवी आहे: रात्रीच्या जेवणानंतर एएफ सुरू होतं, नेमकं काय खाणं बंद करू?

वऱ्हाडी_ठेचा
नमस्कार मंडळी, डायरेक्ट मुद्द्यावर येतो. मला एएफ आहे, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन, हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडतात ते. पॅरॉक्सिस्मलवालं, म्हणजे येतं नि आपलं आपण जातं. कार्डिऑलॉजिस्टची ट्रीटमेंट चालू आहे, टूडी इको नॉर्मल. प्रॉब्लेम असा की हे दर वेळी जेवणानंतरच होतं. रात्री जेवलो, आडवा झालो की पोट गच्च, दोनचार ढेकरा येतात आणि मग छातीत मासा तडफडावा तसं सुरू, ते पहाटेपर्यंत. डॉक्टरांना विचारलं तर 'खाण्याचा संबंध नाही, गोळ्या वेळेवर घ्या' एवढंच. परवा वांग्याच्या भरतावर झालं, त्याआधी पुतण्याच्या लग्नात, त्याआधी साध्या वरणभातावर, त्यामुळे मसाल्याला दोष द्यावा तर तेही जमत नाही. चहा सोडून बघितला, फरक शून्य, डोकं मात्र ठणकलं. बायको म्हणते वांगं वातूळ, आई म्हणते दृष्ट. ज्यांना अनुभव आहे त्यांनी यादी द्या, काय काय बंद करायचं. आणि प्लीज 'डॉक्टरांना विचारा' असं लिहू नका, विचारून झालंय.

नानाची_टांग
वय? वजन? बीपी, शुगर, थायरॉइड? कुठल्या गोळ्या चालू? घेता का कधी? यातलं एकही न लिहिता यादी मागताय, राव.

सुमनकाकू
अरे बाळा हे हार्टचं नाहीच, गॅस वर चढतो तो. आमच्या ह्यांना अगदी असंच व्हायचं. जेवण झालं की ओवा, चिमूटभर हिंग नि काळं मीठ कोमट पाण्यातून घे आणि शतपावली कर. वांगं, वाटाणा, हरभऱ्याची डाळ रात्री बंद. महिनाभरात फरक नाही पडला तर मला सांग.

ऑफ_ड्यूटी_डॉक्टर
काकू, शतपावलीला माझं अनुमोदन, पण 'हार्टचं नाहीच' हे नका ना लिहू. गॅस गॅस म्हणत घरी बसलेले पेशंट आम्ही फार बघतो.
धागाकर्ते, खाण्याचा संबंध नाही हे तितकंसं खरं नाही. अन्ननलिका हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला अगदी मागून चिकटून जाते, आणि पोट नि हृदय दोघांनाही व्हेगस नावाच्या नर्व्हच्या फांद्या जातात. पोट तट्ट फुगलं की व्हेगसचा जोर वाढतो, त्याने नाडी मंदावते आणि वरच्या कप्प्यांचे स्नायू नको इतक्या लवकर पुढच्या ठोक्याला तयार होतात, मग तिथे गडबड सुरू व्हायला वाव मिळतो. फ्रान्सच्या कूमेल यांनी रात्री, आरामात असताना, जेवणानंतर येणारं असं 'व्हेगल एएफ' वेगळं ओळखून मांडलं. पोटामुळे हृदयाच्या तक्रारी होतात हे तर रोमहेल्ड या जर्मन डॉक्टरांनी १९१२ सालीच लिहून ठेवलंय. त्यामुळे काय खाल्लं यापेक्षा किती खाल्लं, किती वाजता आणि लगेच आडवे झालात का हे बघा.
तुम्हाला बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके मंद करणारी गोळी, चालू आहे का? शुद्ध व्हेगल प्रकारात त्याचा फार उपयोग होत नाही, कधी उलटंही होतं. स्वतःहून बंद करू नका, पण झटक्यांच्या वेळा लिहून घेऊन डॉक्टरांपुढे ठेवा.

कटिंग_प्रेमी
चहा उगाच सोडलात. २०२५ मध्ये आलेल्या डीकॅफ नावाच्या ट्रायलमध्ये एएफचे २०० पेशंट घेतले होते, निम्म्यांना रोज कॉफी प्यायला सांगितली, निम्म्यांना पूर्ण बंद. सहा महिन्यांत पिणाऱ्यांत ४७ टक्क्यांना परत झालं, न पिणाऱ्यांत ६४ टक्क्यांना. वर्षानुवर्षं लोकांना कॉफी सोडायला लावली त्याचं काय आता?

नानाची_टांग
ती कॉफी पिणारी माणसं होती, तुमचा तीन चमचे साखरेचा बासुंदी चहा नव्हता तो. आणि एका ट्रायलवरून सगळ्यांना पाजत सुटू नका.

कटिंग_प्रेमी
पाजत सुटलो नाही, घाबरू नका एवढंच म्हणतोय. खरा व्हिलन दारू. ऑस्ट्रेलियात १४० पेशंटवर केलेला अभ्यास आहे, २०२० चा. दारू सोडलेल्यांत ५३ टक्क्यांना परत आलं, चालू ठेवलेल्यांत ७३. सुट्टीत ढोसून हॉस्पिटलात आलेल्यांवरून १९७८ पासून 'हॉलिडे हार्ट' म्हणतातच.

वऱ्हाडी_ठेचा
अरे काय राव, यादी मागितली तर माझीच उलटतपासणी. घ्या: वय ५२, वजन ८४, शुगर नाही, थायरॉइड नॉर्मल. बीपीची गोळी आणि मेटोप्रोलॉल, तेच ते बीटा ब्लॉकर. रक्त पातळ करायची गोळी नाही, स्ट्रोकच्या धोक्याचा तुमचा स्कोअर १ आहे, सध्या थांबू म्हणाले. दारू म्हणाल तर लग्नात दोन पेग, तेही नातेवाईकांच्या आग्रहाने, पण वरणभातावर कुठे पेग होता? जेवण साडेदहाला, दुकान बंद करून घरी पोचेपर्यंत तेवढे वाजतातच. आता सांगा.

सकाळी_पाच_किमी
वरणभातासोबत फ्रीजचं पाणी होतं का? मला पळून आल्यावर गारेगार ताकाचा ग्लास घटाघट ढोसला की हमखास व्हायचं. डॉक्टर आधी हसले, मग त्यांनीच सांगितलं की थंड पाण्याने एएफ सुरू झालेले पेशंट आहेत, गार घोट अन्ननलिकेतून जाताना अगदी हृदयामागूनच जातो ना. आता माठाचं पाणी, तेही हळूहळू. आणि डाव्या कुशीवर झोपत नाही, त्या कुशीवर मला पटकन सुरू होतं.

जवस_महाराज
मी एक सांगतो, पटलं तर घ्या. रोज सकाळी जवसाची चटणी आणि दोन ओमेगा-३ कॅप्सूल. हार्टसाठी याच्यासारखं दुसरं काही नाही. माझं ट्रायग्लिसराइड अर्ध्यावर आलं.

ऑफ_ड्यूटी_डॉक्टर
चटणी खुशाल खा. कॅप्सूलचं मात्र एएफवाल्यांना सुचवू नका. फिश ऑइलच्या मोठ्या डोसच्या मोठमोठ्या ट्रायल्समध्ये एएफ जास्त झालेलं दिसलंय, कमी नाही.

जवस_महाराज
म्हणजे आता नैसर्गिक गोष्टीही वाईट? फार्मा लॉबी दुसरं काय सांगणार.

नानाची_टांग
कॅप्सूल पण फार्मावालेच विकतात, महाराज.

तर्रीबाज
धागाकर्ते नागपूरचे दिसतात. भरतात वऱ्हाडी पद्धतीने कच्चा कांदा नि कांद्याची पात भरपूर असणार, गच्च वाटणारच. जाता जाता, ढाबा टाइप सावजी रस्सा घरी जमत नाहीये, खसखस आधी भाजायची का?

सुमनकाकू
खसखस कोरडीच भाज, मंद आचेवर, जळली की कडू लागते. आणि वांगं पांढरं घे, ते वातूळ नसतं.

केमिस्ट_काउंटर
'बीपीची गोळी' म्हणजे कुठली? स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात असतं ते जसंच्या तसं लिहा. आणि पोट एवढं गच्च होतं तर ॲसिडिटीसाठीही काहीतरी चालू असणार, ते कुठेच दिसलं नाही.

वऱ्हाडी_ठेचा
ॲम्लोडिपिन आणि क्लोरथॅलिडोन असं लिहिलंय. पँटोप्राझोल रोज सकाळी उपाशीपोटी, ती आता सवयच झालीय, कैक वर्षं चालू आहे. रात्री झोपताना चमचाभर ज्येष्ठमध मधातून, एका वैद्यांच्या दुकानातून आणतो, घशाशी येतं त्याला बरं पडतं. पण ते चूर्ण आहे, औषध थोडीच आहे, म्हणून लिहिलं नाही. माझा प्रश्न खाण्याचा आहे.

केमिस्ट_काउंटर
मालक, तुमचा प्रश्न इथेच असू शकतो. क्लोरथॅलिडोन लघवीवाटे पोटॅशियम घालवतं. ज्येष्ठमधातलं ग्लिसरायझिनही तेच करतं, मीठ-पाणी अंगात धरून ठेवतं आणि पोटॅशियम बाहेर, वर बीपी चढवतं ते वेगळंच. म्हणजे एका हाताने बीपीची गोळी, दुसऱ्या हाताने बीपी वाढवायचं चूर्ण. पँटोप्राझोलच्या जातीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या की मॅग्नेशियम उतरू शकतं, अमेरिकेच्या एफडीएने २०११ मध्ये तशी वॉर्निंग दिली होती. पोटॅशियम नि मॅग्नेशियम दोन्ही खाली असले की ठोके चुकायला फार निमित्त लागत नाही, साधा वरणभातही पुरतो. शेवटचं पोटॅशियम कधी बघितलं?

वऱ्हाडी_ठेचा
बघितल्याचं आठवत नाही. कोलेस्टेरॉल वगैरे सगळं केलं होतं.

पाटणकर_वैद्य_नाही
ज्येष्ठमधाला बदनाम करणं थांबवा. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या वापरतात, खोकल्याला कांडी चघळायची, कुणाला काही झालं नाही.

केमिस्ट_काउंटर
खोकल्याला चार दिवस कांडी चघळणं वेगळं, आणि पाणी काढणाऱ्या गोळीसोबत रोज चमचाभर चूर्ण वेगळं. युरोपात ज्येष्ठमधाची काळी गोळी भरपूर चघळणाऱ्यांचं पोटॅशियम घसरल्याच्या केसेस आहेत, तिथे आयुर्वेदाचा काही संबंध नाही. चांगला वैद्यही बीपीवाल्याला ज्येष्ठमध देताना विचार करतो.

घड्याळजी
मी काय म्हणतो, ईसीजी काढणारं घड्याळ घ्या. मागच्या वर्षीचं मॉडेल सेलमध्ये स्वस्त मिळतं. स्ट्रॅप मात्र वेगळा घ्या, कंपनीचा घामाने खाजतो.

वऱ्हाडी_ठेचा
घड्याळ कुणी विचारलं भाऊ. @केमिस्ट, मग आजपासून केळी नि नारळपाणी सुरू करू का? मुलगा आत्ताच आणायला निघालाय.

ऑफ_ड्यूटी_डॉक्टर
आधी रक्त द्या. पोटॅशियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन. किडनी ठीक आहे का हे न बघता पोटॅशियम चढवणंही धोक्याचं, जास्त झालं तर तेही हृदयालाच त्रास देतं. एखादं केळं खाल्लंत तर काही होत नाही. चूर्ण आजपासून बंद ठेवायला हरकत नाही, बीपीची गोळी मात्र परस्पर बंद करू नका. आणि घड्याळाची आयडिया एवढी वाईट नाही, ढेकर आणि झटका खरंच एका वेळी येतात का ते पट्टीवर दिसेल. एक अजून, घोरता का? झोपेत श्वास अडकत असेल तर रात्रीच्या एएफला ते वेगळंच कारण असतं. छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलात, तोंड वाकडं झालं किंवा बोलणं अडखळलं तर मात्र धाग्यावर न येता सरळ इमर्जन्सी गाठा.

मेथीची_जुडी
माझ्या सासऱ्यांना वॉरफरिन, रक्त पातळ करायची गोळी, चालू आहे, त्यांनी मेथी-पालक पूर्ण बंद केलाय, बरोबर ना?

ऑफ_ड्यूटी_डॉक्टर
पूर्ण बंद करायची गरज नाही, दर आठवड्याला साधारण सारखीच खा म्हणावं. एक आठवडा रोज मेथी नि पुढचा आठवडा काहीच नाही, असं केलं की आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा, हेलकावे खातो. पण हा प्रश्न वेगळ्या धाग्यात काढा.

वऱ्हाडी_ठेचा
रिपोर्ट आला. पोटॅशियम ३.१ (लॅबच्या कागदावर ३.५ ते ५.१ लिहिलंय), मॅग्नेशियम खालच्या काठावर, क्रिएटिनिन नॉर्मल. दुपारी डॉक्टरांकडे जाऊन आलो, चुर्णाची बाटलीच पुढे ठेवली. बीपीची गोळी बदलली, ज्येष्ठमध बंद, पोटॅशियमचं सिरप दिलंय आठवडाभर, मग परत रक्त. पँटोप्राझोल हळूहळू सोडवू म्हणाले. यामुळेच होत होतं असं लिहून देणार नाही म्हणाले, वजन नि उशिराचं जेवण आहेच. बायकोने सांगितल्यावर घोरण्याची टेस्ट पण लिहून दिली. मेटोप्रोलॉल तूर्तास तेच. जेवणाचा डबा आता दुकानातच मागवतोय आठ वाजता, घरी आल्यावर फक्त ताक, साधं, फ्रीजमधलं नाही.

सुमनकाकू
ताकात हिंग घाल.

घड्याळजी
डॉक्टरांनी घड्याळाचं काय सांगितलं?

वऱ्हाडी_ठेचा
घ्या म्हणाले. लिंक टाका.