वेचणीचे ऊन आणि मायची हळद

लेकीला रंगावरून टोचून बोलणारी आई मनाने क्रूरच असते, हे मत मला अपुरे वाटते. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. कमरेला कापूस भरायची ओटी बांधून दिवसभर वाकलेल्या माझ्या मायची बोटे बोंडांच्या सुकलेल्या टोकांनी चिरलेली असत, आणि त्याच बोटांनी ती रात्री माझ्या तोंडाला हळद-बेसन इतके रगडून लावी की गाल झोंबत. दुपट्टा डोळ्यांपर्यंत बांधल्याशिवाय तिने मला कधी वावरात पाऊल टाकू दिले नाही. (ती स्वतः माझ्याहून सावळी.) हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा असला, तरी सावळ्या मुलीसाठी हुंड्याची मागणी वाढते, हा तिचा हिशेब खोटा नव्हता, थोरल्या बहिणीच्या लग्नात आमचे दोन एकर गहाण पडले होते.

तरीही चारचौघांत तिने उच्चारलेला ‘काळी’ हा शब्द मी अजून विसरू शकलेले नाही.

मागच्या दिवाळीत तिने माझ्या मुलीसमोर बेसन-हळदीची वाटी ठेवली. मी ती उचलली, त्यात कांदा चिरून घातला आणि भजी तळली. मायने दोन खाल्ली. बोलली काहीच नाही.