मदत हवी आहे: बीएलडीसी पंख्याला दुप्पट पैसे मोजावेत का?

कट्ट्यावरचा
घरात पाच पंखे आहेत. दुकानदार म्हणतोय पाचही काढा आणि बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचे, कमी वीज खाणारे) लावा. बीएलडीसी ३२०० ला एक, साधा नवीन १७०० ला. त्याच्या म्हणण्याप्रमाणे एका पंख्यामागे वर्षाला दीड हजाराची वीज वाचते, दोन वर्षांत पैसे वसूल. मला हे पटत नाही. पंखा तो पंखा, रिमोट दिला म्हणून किंमत दुप्पट? रविवारी त्याचा माणूस येणार आहे, शनिवारपर्यंत हो की नाही कळवायचंय. घ्यावेत की नाही एवढंच सांगा.

सदाफुली
डोळे झाकून घ्या. जुना पंखा ७५ वॉट, हा २८ ते ३२. यात विचार करण्यासारखं काय आहे?

हिशेबी
आहे ना. धागाकर्ते, हे सांगा: प्रत्येक पंखा रोज किती तास चालतो? कितीवर ठेवता? आत्ताचे पंखे चालू आहेत की बंद पडलेत? रेग्युलेटर कसले आहेत? आणि बिल किती युनिटचं येतं?

कट्ट्यावरचा
पंखे चालू आहेत. रेग्युलेटर सगळ्यांकडे असतात तसेच. बिल दोनशेच्या वर.

हिशेबी
दोनशे युनिट, असं धरतो. महावितरणच्या घरगुती बिलात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे असे टप्पे असतात. पंख्यामुळे वाचणारं युनिट तुमच्या सगळ्यात वरच्या टप्प्यातून कमी होतं, म्हणून सरासरी दर धरू नका. वरच्या टप्प्याचा वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार यांची बेरीज करा आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क चढवा. स्थिर आकार यात घ्यायचा नाही, पंखे बदलले तरी तो तेवढाच राहतो.

तांब्याची_तार
सदाफुली, ७५ विरुद्ध २८ ही जाहिरातीतली तुलना आहे. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना बीईईचं (केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोचं) स्टार लेबल सक्तीचं झालं. १२०० मिमीच्या पंख्याला एक तारा हवा असेल तरी एका वॉटमागे मिनिटाला निदान ४ घनमीटर हवा फेकावी लागते, पाच ताऱ्यांसाठी ६. लेबलवर सर्व्हिस व्हॅल्यू म्हणून छापलेला असतो तो हाच आकडा. हवा मिनिटाला २१० घनमीटर धरली तर एका ताऱ्याचा पंखा ५२ वॉटच्या आसपास येतो. म्हणजे आज दुकानात १७०० ला मिळणारा साधा पंखा ७५ वॉटचा नाहीच. नवीन पंखा घ्यायचाच असेल तर तुलना ५२ विरुद्ध ३०, आणि चालू पंखा काढून टाकायचा असेल तर ७५ विरुद्ध ३०. दुकानदाराची दीड हजाराची बचत दुसऱ्या तुलनेतली आहे.

किंमत रिमोटमुळे वाढत नाही. साध्या पंख्यात फिरणाऱ्या भागात वीजप्रवाह निर्माण करावा लागतो, त्यात ऊर्जा उष्णतेत जाते. म्हणून तासभर चाललेल्या पंख्याचा गोळा हाताला गरम लागतो. बीएलडीसीत फिरणाऱ्या भागावर कायमचे चुंबक बसवलेले असतात, आणि घरातल्या एसीचा डीसी करून तारांच्या वेटोळ्यांना पाळीपाळीने प्रवाह देणारं सर्किट असतं. पैसे त्या चुंबकांचे आणि सर्किटचे.

पाणवठा
वरचा मजला आहे का? पंखा खोली गार करत नाही, फक्त घाम वाळवतो. आधी गच्चीला पांढरा हात द्या. चुना रात्रभर भिजवून, गाळून, चिकटपणासाठी फेविकॉल घालून दोन हात. पहिला हात उभा, दुसरा आडवा. एप्रिल-मेमध्ये स्लॅबखाली फरक जाणवतो. गच्ची आधी घासून धुवा, शेवाळावर चुना धरत नाही.

हिशेबी
पाणवठा, उपाय चांगला आहे पण प्रश्न पंख्यांचा आहे. धागाकर्ते, तास?

कट्ट्यावरचा
हॉल १० तास, दोन्ही बेडरूम ९-९, स्वयंपाकघर २, पाहुण्यांची खोली जेमतेम १. वर्षातले नऊ महिने. बिलावरून काढलेला शेवटच्या युनिटचा दर १३ रुपयांच्या जवळ येतोय. मधल्या मजल्यावर राहतो.

हिशेबी
आता मांडता येतं. नऊ महिने म्हणजे २७० दिवस.

हॉल २७०० तास. ७५ चा ३० केला तर ४५ वॉट, म्हणजे १२१ युनिट, सुमारे १५८० रुपये. दुकानदाराचा दीड हजार इथून आलाय. तो खोटं बोलत नाहीये, पण हा आकडा तुमच्या हॉलला आणि फार तर बेडरूमना लागू पडतो. स्वयंपाकघर ५४० तास. तिथे साध्या नव्या पंख्यापेक्षा बीएलडीसीने २२ वॉट वाचतात, वर्षाला १२ युनिट, दीडशे रुपये. किमतीतला १५०० चा फरक भरून यायला दहा वर्षं. पाहुण्यांच्या खोलीचं गणित मांडायचीही गरज नाही.

म्हणजे पाच नकोत, फार तर तीन. हिवाळ्यात वापर शंभर युनिटच्या आत आला तर त्या महिन्यात वाचलेलं युनिट खालच्या, स्वस्त टप्प्यातलं असतं, तेवढं वजा धरा.

तांब्याची_तार
हा सगळा हिशेब पंखा पाचवर चालतो असं धरून आहे. रात्रभर पाचवर कोण ठेवतं? कितीवर असतो ते धागाकर्त्यांनी अजून सांगितलेलं नाही, रेग्युलेटरचंही नाही. जुना खोक्यासारखा, गोल मोठी मूठ असलेला, चालू असताना गरम होणारा रेग्युलेटर आतल्या रोधकात वीज जाळतो. त्यावर पंखा तीनवर आणला तर वेग पडतो, वीज त्या मानाने फारच थोडी कमी होते. मॉड्युलर पट्टीत बसणारा, टकटक आवाज करत फिरणारा स्टेप रेग्युलेटर कपॅसिटरवर चालतो, त्यात वीज खरोखर कमी होते.

अंदाज नको, मीटरवर मोजा. मीटरवर लाल दिवा लुकलुकतो, शेजारी ३२०० imp/kWh असं काहीतरी छापलेलं असतं, म्हणजे एका युनिटला तो ३२०० वेळा लुकलुकतो. फ्रिज, राउटर, चार्जर, इन्व्हर्टरसकट सगळं बंद करा. एकच पंखा चालू ठेवून दहा मिनिटांत दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजा. ३२०० चा मीटर असेल तर आलेल्या आकड्याला १.८७५ ने गुणा, ते वॉट. आधी सगळं बंद असताना दिवा स्थिर राहतोय ना, ते बघा. नाहीतर काहीतरी चालू राहिलंय.

उत्तरेची_खिडकी
त्यापेक्षा तीन हजारात आणखी भर घालून एका बेडरूमला इन्व्हर्टर एसी घ्या. पंखा एकवर ठेवून एसी २६ वर चालवला की

हिशेबी
अहो, विजेचं बिल कमी करण्याचा प्रश्न आहे. एसीचा वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

मधला_गाळा
एक गोष्ट कुणी सांगितली नाही. बीएलडीसी पंख्याचं सर्किट व्होल्टेजला नाजूक असतं. साधा पंखा हळू झाला तर २.५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बदलला की झालं, शंभराच्या आत काम. आवाज करायला लागला तर बेअरिंग, बहुतेक पंख्यांत ६२०१ किंवा ६२०२, कुठल्याही वायरमनकडे मिळतं. बीएलडीसीचं सर्किट गेलं तर त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं लागतं. घराला स्टॅबिलायझर असल्याशिवाय लावू नका.

तांब्याची_तार
दुरुस्तीचं बरोबर, व्होल्टेज आणि स्टॅबिलायझरचं चूक. पंख्याचं सर्किट साधारण १४० ते २८५ व्होल्टपर्यंत चालेल असं बनवलेलं असतं, रोजच्या चढउताराने ते जात नाही. ते दोन कारणांनी जातं. एक, विजा चमकतानाचा क्षणभराचा झटका. त्याला डीबीत (एमसीबी असतात त्या पेटीत) टाइप २ चा सर्ज प्रोटेक्टर लागतो, आणि अर्थिंग धड नसेल तर तोही निरुपयोगी. दुसरं, खांबावरचा किंवा सोसायटीच्या पॅनेलमधला न्यूट्रल सुटणं. मग दोन फेजमधलं व्होल्टेज घरात शिरतं, ४०० च्या जवळ जाऊ शकतं, आणि मिनिटभर टिकलं तरी पंखे, टीव्ही, दिवे एकदम जातात. सर्ज प्रोटेक्टर तिथे टिकत नाही. त्याला २७० च्या वर लाइन तोडणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर हवा, मेन स्विचच्या पुढे. तो एकदा बसवला की सगळं घर सांभाळतो.

मधला_गाळा
ओव्हर-अंडर प्रोटेक्टरचं मान्य. पण मग त्याचे पैसे पंख्याच्या हिशेबात धरा.

तांब्याची_तार
घरात फ्रिज आणि टीव्ही असताना तो लागतोच. पंख्याच्या खात्यात टाकणं बरोबर नाही.

कट्ट्यावरचा
मोजलं. मीटर ३२०० चाच. हॉल पाचवर ४१, तीनवर ३३. बेडरूम तीनवर २२. हॉलचा रेग्युलेटर जुना मोठा आहे, गरम होतो. बेडरूममध्ये छोटे. आम्ही सगळे तीनवरच ठेवतो. दोन पंख्यांत एवढा फरक कसा?

हिशेबी
हॉल पाचवर ७७ वॉट, तीनवर ६२. बेडरूम तीनवर ४१. फरक पंख्यात नाही, रेग्युलेटरमध्ये आहे. हॉलमध्ये तीनशे रुपयांचा स्टेप रेग्युलेटर बसवला तर तोही ४१ च्या आसपास येईल. २१ वॉट, २७०० तास, ५७ युनिट, वर्षाला ७४० रुपये. पाच महिन्यांत तीनशे वसूल. या धाग्यातली सगळ्यात स्वस्त बचत हीच आहे.

आता बेडरूम नव्याने मांडू. बीएलडीसी तीनवर १२-१४ वॉट घेतो. ४१ चे १३ झाले, २८ वॉट, २४३० तास, ६८ युनिट, ८८५ रुपये. चालू पंखा काढून ३२०० घातले तर साडेतीन वर्षांहून जास्त. मी वर 'फार तर तीन' म्हणालो होतो, ते पाचवरच्या आकड्यांवर होतं. तुमचे पंखे धडधाकट असतील तर घाई नको.

सदाफुली
आणि वीज गेल्यावर? इन्व्हर्टर आहे का घरात?

कट्ट्यावरचा
आहे. १५० एएचची (अँपिअर-तास) बॅटरी. उन्हाळ्यात दोन-तीन तास वीज जाते. हॉल आणि दोन्ही बेडरूमचे पंखे त्यावर आहेत, रात्री घूं असा आवाज करतात.

तांब्याची_तार
हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं. घूं आवाज येतो म्हणजे इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे, विजेची लहर गोलसर न देता चौकोनी देणारा. साध्या मोटरला ती लहर सोसत नाही, ती गुणगुणते आणि जास्त तापते. बीएलडीसी आधी डीसी करूनच घेतो, त्याला लहरीचा आकार लागत नाही, आवाज जातो.

१२ व्होल्ट १५० एएच म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास. बॅटरी पूर्ण उपसायची नाही आणि इन्व्हर्टरमध्येही जातात, म्हणून ११०० धरा. तीन जुने पंखे पाचवर २२५ वॉट, इन्व्हर्टरचे स्वतःचे १५, साडेचार तास. तीन बीएलडीसी ९० अधिक १५, दहा तास. १५० एएच हा आकडा वीस तासांत हळूहळू उपसल्यावर मिळतो. जोरात ओढलं की त्याहून कमी मिळतं, म्हणून प्रत्यक्षातला फरक याहून मोठा असतो. बॅटरी किती वर्षांची आहे?

कट्ट्यावरचा
पाच. आता दीड-दोन तासच पुरते.

मधला_गाळा
मग बॅटरी बदलायचे दिवस जवळ आले. तीन बीएलडीसी लावल्यावर हीच बॅटरी तुमचे दोन-तीन तास अजून एखादा उन्हाळा काढू शकते. आधी डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा, साधं पाणी घालू नका. हे मी बीएलडीसीच्या बाजूने बोलतोय, कारण इथे वाचणारे पैसे विजेपेक्षा बॅटरीचे आहेत.

हिशेबी
हे मान्य. इन्व्हर्टरवरचे तीन बदला. स्वयंपाकघर आणि पाहुण्यांची खोली आहे तशी राहू द्या.

तांब्याची_तार
रविवारी माणूस आला की एवढं पाहा. बीएलडीसीच्या वाटेत कुठलाही रेग्युलेटर ठेवायचा नाही, पाचवर ठेवलेलाही नाही. एमसीबी पाडून, टेस्टर लावून, रेग्युलेटरच्या दोन्ही तारा काढून कनेक्टरने जोडायच्या, वर कोरी पट्टी. नुसता पीळ मारून इन्सुलेशन टेप गुंडाळू देऊ नका. रेग्युलेटर राहिला तर कुणीतरी चुकून फिरवतं, पंखा मध्येच बंद-चालू होतो आणि सर्किट जातं. बटणातून फेजच तुटतोय ना, न्यूट्रल नाही, हे टेस्टरने बघून घ्या. वरच्या हुकातला रबर आणि बोल्टची कॉटर पिन नवीन. पाती त्याच खोक्यातली, तीन पंख्यांची आपसात मिसळली तर पंखा डुलतो.

वॉरंटी किती वर्षं हे विचारू नका, सर्किट आणि रिमोट त्यात आहे का आणि माणूस घरी येतो का हे विचारा, बिलावर लिहून घ्या. घरात वयस्कर कुणी असेल तर भिंतीवरचं बटण बंद-चालू करून वेग बदलणारं मॉडेल बघा.

कट्ट्यावरचा
दुकानदाराला तीनच सांगितले. तो म्हणतोय पाच घेतले तर २९०० ला एक देतो.

हिशेबी
पाच गुणिले २९०० म्हणजे १४,५००. तीन गुणिले ३२०० म्हणजे ९,६००. तीनच घ्या. हॉलमधला जुना पंखा पाहुण्यांच्या खोलीसाठी जपून ठेवा.

पाणवठा
मधल्या मजल्यावर असलात तरी पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून पांढरा रंग द्या.