वेल्सच्या समुद्रकाठच्या वाटेवर आम्हा दोघांना रोज किती किमी झेपेल?

जळगावची ताई: पोरगी कार्डिफला असते, जूनमध्ये जातोय. पेम्ब्रोकशायर कोस्ट पाथ पूर्ण २९९ किमी आहे, त्यातले चार दिवस मी आणि आमचे हे चालणार. चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जातो तेव्हा रोज ३० होतात, तिथे पण तेवढेच धरू का?

धुळेकर: नका धरू ताई. आम्ही दोघं सोल्व्हा ते सेंट डेव्हिड्स चाललो, आठेक किमीच, तरी दुपार झाली कारण कड्यावरून ओढ्यापर्यंत उतरा की लगेच परत चढा, गुडघे उतारालाच बोलायला लागतात. कळण्याचं पीठ इथून नेलेलं, भाकरी-ठेचा गवतात बसून खाल्ला, खाली पाण्यात सील डोकं वर काढून बघत होता, बायको अर्धा तास उठेना. रोज १५ पुरे.

भुसावळवाला: १५ बरोबर. पूर्ण वाटेची चढण मिळून ३५,००० फूट होते, एव्हरेस्टपेक्षा जास्त! जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, घाई करू नका. रेनकोट बॅगेत वरच ठेवा.

जळगावची ताई: यांना लगेच वाचून दाखवलं. भाऊ, वाट कड्याच्या किती जवळून आहे? यांना उंचीवर गरगरतं.

धुळेकर: काही ठिकाणी अगदी कडेनं, कठडा नाही. वारा जोरात असला तर त्या दिवशी सरळ बस पकडा.