अनुभव धागा: डोंगर नसलेल्या सोलापुरात तुम्ही कुठे फिरता?

पुण्याची मंडळी दर रविवारी सिंहगडाचे फोटो टाकतात आणि आपण चहा पीत ते बघत बसतो. आपल्याकडे सह्याद्री नाही, पाऊस बेभरवशाचा, मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर. तरी माणसं फिरतातच की! म्हणून हा धागा. अट एकच: घरातून निघून तासाभरात पोचता येईल अशी जागा, आणि तुम्ही स्वतः पायी फिरलेली. बाग, तळं, माळ, शेताचा बांध, काहीही चालेल. कधी जायचं आणि तिथं नेमकं काय बघायचं ते लिहा. नुसतं ‘मस्त जागा, नक्की जा’ लिहिणार असाल तर राहू द्या.

पहाटवारा
सुरुवात मी करते. हिप्परगा. सरकारी कागदात एकरुख तलाव, इंग्रजांच्या काळात १८७१ साली आदिला नदीवर बांध घालून झालेला. डिसेंबर ते फेब्रुवारी या दिवसांत सूर्य उगवायच्या आत काठावर पाहिजे. वारकरी (काळा पक्षी, कपाळाला पांढरा टिळा) थव्यानं असतात, थापट्या, चक्रवाक ही बदकं असतात. नशीब जोरात असेल तर हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब हंस काठच्या शेतात चरताना दिसतात.
रोहित (फ्लेमिंगो) बघायला येणाऱ्यांना एक सांगते. त्यांना उथळ पाणी आणि चिखल लागतो. तलाव तुडुंब असला की कितीही दुर्बीण फिरवा, उपयोग नाही. पाणी उतरायला लागलं की या.

बाराबंदी
नवीन वाट कशाला शोधता? गावात आहे की! आपल्या ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांनी सोलापूरच्या पंचक्रोशीत ६८ लिंगं स्थापली असं आपण मानतो. त्यांच्या यात्रेत १३ जानेवारीला हिरेहब्बू वाड्यातून नंदीध्वज (सजवलेल्या उंच काठ्या) निघतात आणि या लिंगांना तैलाभिषेक होतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण यात्रेच्या गर्दीत लिंग दिसत नाही, माणसांच्या पाठी दिसतात. मी थंडीतल्या रविवारी टप्प्याटप्प्यानं फिरतो. कुठं बोळात, कुठं कुणाच्या भिंतीला लागून, कुठं नवीन फरशी बसवलेल्या देवळीत. गल्लीतल्या आज्जींना विचारायचं, मोबाइलला नाही. आज्जी रस्ता तर सांगतातच, वर ‘कुणाचा रे तू?’ हेही विचारून घेतात. फिरून झालं की गरम इडली. हा माझा नियम आहे, सिद्धरामेश्वरांचा नाही.

साखरपेठची सून
माझी जागा भुईकोट किल्ला. हसू नका, तिकीट काढून आत गेलेले सोलापूरकर किती आहेत ते आधी सांगा. आमच्या घरी दिवसभर यंत्रमागाचा खडखडाट, त्यामुळे मला चालण्यापेक्षा शांतता हवी असते. दुहेरी तटबंदी, बाहेर खंदक, आणि एका बाजूच्या तटावरून सिद्धेश्वर तलाव. आत खणकामात उघडं पडलेलं कपिलसिद्ध मल्लिकार्जुन मंदिर आहे, त्याचे खांब निवांत बघावेत. माझ्या सासूबाई चप्पल हातात घेऊन गवतावरून चालतात. त्यांना गुडघ्यासाठी तेच बरं वाटतं. मुलं कंटाळली की बाहेर हुतात्मा बाग आहेच.

काय_की_बे
किल्ला, तळं, देऊळ ठीक आहे, पण ट्रेक कुठाय बे? सरळ सांगतो, सोलापुरात पायी फिरण्यासारखं काही नाही. नळदुर्गच्या किल्ल्यात जातो मी. गाडीनं तासाच्या आसपास. पावसाळ्यात बोरी नदीला पाणी आलं की नर-मादी धबधबे, पाणीमहाल, आणि उपळी बुरुजाच्या पायऱ्या चढून पाय दुखले की बरं वाटतं.

कुसळी
काय_की_बे, पाय दुखवायचे असतील तर नान्नजच्या माळावर ये. बार्शी रस्त्यानं वीसेक किलोमीटर. चढ नाही, पण लांबवर चालताना डोळे दमतात, कारण माळावर काहीच नाही असं पहिला अर्धा तास वाटतं. मग एक ढेकूळ हलतं आणि तो धाविक (जमिनीवर पळणारा मातकट पक्षी) निघतो. आणखी थोडं थांबलं की काळवीट. नर काळाकुळीत, माद्या बदामी. कळप उधळला की उड्या मारत जातो, तेव्हा फोन काढायच्या भानगडीत पडू नये, हाती धुरळाच लागतो.
१९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झालं तेव्हा कागदावर त्याचं क्षेत्र जवळजवळ ८,५०० चौरस किलोमीटर होतं. त्यात गावं, शेतं, सगळंच आलं. घर बांधायचं, जमीन विकायची म्हटलं की अडचण, त्यामुळे माणसं पक्ष्यावरच चिडली. नंतर ते कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. माळढोक दिसेल या आशेनं येऊ नका, निराश व्हाल. मी लांडग्यासाठी जातो. तो बहुतेक वेळा मेंढपाळांनाच आधी दिसतो, म्हणून त्यांच्याशी बोला. माझ्या ओळखीच्या एका धनगर आजोबांची मेंढरं लांडग्यानं नेली आहेत, तरी ते त्याच्याबद्दल शिवी न घालता बोलतात. मला ते जमलं नसतं.
थंडीत भोवत्या (शिकारी पक्षी) येतात, गवताच्या टोकावरून इतक्या खालून तरंगत जातात की मान वर करावी लागत नाही. ‘गवतच तर आहे, झाडं लावा’ म्हणणाऱ्यांना एकदा इथं आणावं. झाडं वाढली की या पक्ष्यांचं घर जातं.
वनखात्याच्या चौकीवर नोंद केल्याशिवाय आत जाऊ नका. लांब मोजे घालू नका, कुसळं घरी येऊनसुद्धा निघत नाहीत. माझं नाव उगीच नाही पडलं.

दोन लेकरांची आई
आम्ही विजापूर रस्त्यावरच्या सिद्धेश्वर वनविहारात जातो. सकाळी मोर ओरडतात, सावली आहे, लेकरांना मोकळं सोडता येतं. एवढं पुरे आहे आम्हाला.
कंबर तलावाबद्दल मात्र मन खट्टू होतं. लहानपणी तिथं कमळं बघितलीत, कमळाच्या पानांवरून चालणारे कमळपक्षी बघितलेत. हल्ली कधी जलपर्णी, कधी वास. काढतात, परत येते. सांडपाणी येत राहिलं तर दुसरं काय होणार?

सायकलवाला
हत्तरसंग कुडल. भीमा आणि सीना जिथं भेटतात तिथं. तासाभराची अट मोडतो, कारण मी सायकलवर जातो. चारचाकीवाल्यांना बसेल अटीत. शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी शिलालेख इथं आहे, आणि अंगावर मुखंच मुखं कोरलेलं शिवलिंग. ते तर सगळे बघतात. तुम्ही गाडी देवळापाशी सोडा आणि नदीकाठानं उसाच्या कडेकडेनं चाला. पावसाळ्यात मात्र नाही. काळी माती बुटाला चिकटते, दर दहा पावलांना पाय किलोभर जड.

काय_की_बे
कुसळी, बरं, नान्नज एकदा बघतो. ऊन किती वाजता चढतं? दुर्बीण नाही माझ्याकडे.

कुसळी
जानेवारीत नऊपर्यंत निभतं. मार्चनंतर आठला माघारी फिरायचं. दुर्बीण माझी घे. येत्या रविवारी पाचला बाळे चौकात थांबतो, मागची सीट रिकामी आहे. परतताना ओळखीच्या शेतात हुरडा मिळेल, शेंगाचटणी तू आण.

साखरपेठची सून
दुसऱ्या गाडीत जागा असेल तर आम्हीही दोघी येतो, मी आणि सासूबाई. धपाटे आमच्याकडून.